स्प्लिंटर पायात आहेत, पदक नाही: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. बार्शी तालुक्यातल्या एका भाच्यानं विचारलंय. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. २००२ साली काश्मीरमध्ये, ऑपरेशन रक्षक या दहशतवादविरोधी मोहिमेत, ग्रेनेडचे स्प्लिंटर डाव्या मांडीत आणि पोटरीत घुसले. श्रीनगर आणि उधमपूरच्या लष्करी रुग्णालयांत राहिले. कॅटेगरी लागली, म्हणजे तब्येतीचा दर्जा उतरवला गेला, तरी नोकरी पूर्ण करून २०११ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. अपंगत्व ३० टक्के धरलेलं आहे, पण छातीवर जखमेचं पदक नाही. गावाला १५ ऑगस्टला सत्कार करायचाय आणि फ्लेक्सवर ‘शौर्यपदक विजेते’ असं छापायचंय. तर पदक आता मिळेल का, त्याच्यासोबत पैसे असतात का, आणि जाता जाता, धाकट्या बहिणीचा मुलगा अग्निवीर आहे, त्याला असं काही झालं तर काय मिळतं?

मी सैन्यात क्लार्क ट्रेडचा. आयुष्य पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या घटनांच्या अधिकृत नोंदी, लिहिण्यात आणि तपासण्यात गेलं. सोलापुरात परतल्यापासून जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचे कागद बघतो. तेव्हा उत्तर कारकुनाच्या नजरेनं देतो: पदकाच्या मागे आधी लागू नका. मामा जखमी झाले तेव्हा त्यांच्या नावावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली हानी) अशी पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, ते आधी शोधा. पदकही त्या नोंदीवर मिळतं आणि पेन्शनमधला मोठा फरकही त्याच नोंदीवर पडतो. लोक पदकासाठी येतात आणि बोलता बोलता कळतं की दरमहा हजारो रुपये सोडून बसलेत.

आता पदकाविषयी. जखमेच्या पदकाचं आजचं नाव पराक्रम पदक. १९७३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याला वूंड मेडल म्हणायचे, आणि जुने लोक अजून तेच म्हणतात. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा असतो. कोणत्याही लढाईत किंवा दहशतवादविरोधी कारवाईत शत्रूच्या थेट कृतीमुळे जखम झाली असेल, तर ते मिळतं. हुद्दा बघत नाहीत. त्यासाठी कुणी शिफारस लिहावी लागत नाही, सायटेशन (कामगिरीचं वर्णन) नसतं, दिल्लीत समिती बसत नाही. शत्रूच्या गोळीनं, ग्रेनेडनं, सुरुंगानं जखम झाली आणि ती नोंदली गेली, एवढंच बघतात. अमेरिकेतलं पर्पल हार्ट अनेकांनी सिनेमात बघितलेलं असतं, तत्त्व साधारण तेच.

म्हणूनच ते शौर्यपदक नाही. परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र आणि शौर्यासाठीचं सेना मेडल ही मालिका वेगळी. ती त्या माणसानं काय केलं त्यासाठी असते, पराक्रम पदक त्याला काय झालं त्यासाठी. नावात ‘पराक्रम’ असल्यानं घोटाळा होतो. त्यात भर म्हणून २००१-०२ च्या सीमेवरच्या जमवाजमवीसाठी ऑपरेशन पराक्रमचं एक वेगळं पदक आहे, ते त्या काळात ठरलेल्या भागात तैनात असलेल्यांना मिळतं, जखम असो वा नसो. मामांचं वर्ष २००२ आहे, त्यामुळे त्यांच्या डिस्चार्ज बुकात ‘पराक्रम’ असा शब्द दिसला तर लगेच हरखू नका. तो कोणता पराक्रम, ते नीट वाचा.

फ्लेक्सचं इथेच सांगून टाकतो. ‘शौर्यपदक विजेते’ छापू नका. सात रस्त्यापासून एसटी स्टँडापर्यंत फ्लेक्सवर काहीही छापलेलं चालतं, हे मलाही माहीत आहे, पण सत्काराला शेजारच्या गावचा एखादा सुभेदार येतो, फीत बघतो आणि चार लोकांत विचारतो, ‘कोणतं चक्र?’ मग मान खाली घालायची वेळ मामांवर येते, छापणाऱ्यावर नाही. ‘ऑपरेशन रक्षकमध्ये जखमी, हवालदार अमुक, मराठा लाइट इन्फंट्री’ एवढं पुरेसं भारी आहे. आणि सदर बाजारातल्या दुकानातून पदक आणून लावणं तर नकोच. पदक मंजूर आहे पण हातात पडलेलं नाही म्हणून जवान विकत घेऊन लावतात, ते समजू शकतो, कारण पदकं मिळायला वर्षं लागलेली आहेत. मंजुरीच नसताना लावणं ही वेगळी गोष्ट.

सगळ्यांची गल्लत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो. सैन्यात जखमेकडे बघायच्या चाळण्या तीन, आणि प्रत्येकीची भोकं वेगळ्या आकाराची. सगळ्यात बारीक शौर्यपदकाची. तिच्याहून मोठी पराक्रम पदकाची: शत्रूची थेट कृती हवी. तिसरी बॅटल कॅज्युअल्टीची, ती आणखी मोठी. २००३ चा आर्मी ऑर्डर १ वाचला तर दिसेल की नियंत्रण रेषेवर किंवा आंतरराष्ट्रीय सीमेवर काम करताना नैसर्गिक आपत्तीनं किंवा हवामानामुळे आलेल्या आजारानं झालेली हानीसुद्धा तिथे बॅटल कॅज्युअल्टी धरली जाते. म्हणजे हिमदंशानं बोटं गेलेला जवान बॅटल कॅज्युअल्टी असू शकतो, पण त्याला पराक्रम पदक मिळत नाही, कारण बर्फ शत्रूनं टाकला नव्हता. तोफखान्यातल्या माणसाचे कान गेले तर अपंगत्व नोकरीमुळे आलं असं मान्य होऊ शकतं, पदक नाही. रात्री दचकून उठणाऱ्या, फटाक्यांच्या आवाजानं खाटेखाली जाणाऱ्या माणसाचीही तीच गत. पेन्शनच्या दृष्टीनं त्याचा आजार नोकरीशी जोडता येतो, छातीवर लावायला काही नाही. हे मला बरोबर वाटत नाही, पण नियम तसा आहे.

या मोठ्या चाळणीचा अर्थ अधिकारी किती कंजूषपणे लावतात, त्याचा अलीकडचा नमुना सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ऑपरेशन रक्षकमध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना कडाक्याच्या थंडीत एका नाईक हुद्द्याच्या जवानाला हृदयविकाराचा झटका आला. सैन्यानं आधी बॅटल कॅज्युअल्टी म्हटलं, नंतर फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत न धरलेली हानी, केलं. पत्नी लष्करी न्यायाधिकरणात जिंकली, सरकार अपिलात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं अपील फेटाळलं आणि या बाईंना न्यायालयात ओढायलाच नको होतं असं म्हणत सरकारला ५०,००० रुपयांचा खर्च भरायला लावला. तुमच्या मामांचं प्रकरण त्याच्या तुलनेत सरळ आहे. ग्रेनेड दहशतवाद्याचा होता ना? मग पदकाची चाळणीही ते पार करतात, फक्त कागद हवा.

पैशाचं आता. पराक्रम पदकासोबत मासिक भत्ता नसतो. पैसा पदकात नाही, पेन्शनच्या वर्गात आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर, ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानं अपंगत्वाचे ए ते ई असे पाच वर्ग पाडले. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं. बी म्हणजे नोकरीमुळे आलेला आजार, सी म्हणजे कामावरचा अपघात. डी मध्ये दहशतवाद्यांचा किंवा समाजकंटकांचा हल्ला, पण ऑपरेशनल ड्युटीवर नसताना झालेला. ई मध्ये युद्ध, सीमेवरच्या चकमकी, सुरुंग पेरताना-काढताना झालेले स्फोट, ऑपरेशनल ड्युटीवर अतिरेक्यांचा हल्ला किंवा त्यांच्याविरुद्धची कारवाई, आणि सरकारनं खास अधिसूचित केलेली ऑपरेशन्स. ई वाल्याला मिळते ती वॉर इंजुरी पेन्शन. ए सोडून बाकीच्यांना साधं डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा.

फरक किती, तो आकड्यात बघा. समजा पेन्शनसाठी धरलेला शेवटचा पगार ४०,००० आणि अपंगत्व ५० टक्के. साधं डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के असतं, म्हणजे ५० टक्क्यांना ६,०००. वॉर इंजुरी असेल आणि माणूस नोकरी पूर्ण करून निवृत्त झाला असेल, तर १०० टक्क्यांना पगाराच्या ६० टक्के, म्हणून इथे १२,०००. आणि जखमेमुळे बोर्ड आऊट झाला असेल, म्हणजे मेडिकल बोर्डानं वेळेआधी घरी पाठवला असेल, तर १०० टक्क्यांना पूर्ण पगार, म्हणजे इथे २०,०००. वर महागाई भत्ता वेगळा, सर्व्हिस पेन्शन वेगळी. तीच जखम, तोच पाय, वर्ग सी ऐवजी ई पडला की रक्कम दुप्पट.

मामांचं अपंगत्व ३० टक्के असताना मी ५० का धरलं? कारण ब्रॉड बँडिंग. २० ते ४९ टक्के असलं तर ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, त्यापुढे १००. हा लाभ फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना आहे असं सरकार म्हणायचं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. तरीसुद्धा आधी निवृत्त झालेल्या कित्येकांना त्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली. तेव्हा मामांच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, ३० आहे की ५०, तेही बघा.

एक फट आहे, ती आधीच विचारून घ्या. जखमेनंतर नोकरीत ठेवताना जवानाला पर्याय देतात: निवृत्तीनंतरचं वॉर इंजुरी किंवा डिसॅबिलिटी एलिमेंट सोडून द्यायचं आणि त्याऐवजी एकरकमी भरपाई आत्ताच घ्यायची. घर बांधायचं होतं, बहिणीचं लग्न होतं, म्हणून अनेकांनी सही करून रक्कम उचलली आणि विसरून गेले. मामांनी ती घेतली असेल, तर मासिक एलिमेंटचा दावा उभा राहत नाही. पदकाचा मात्र राहतो. मामींनाही विचारा. घरात किती पैसे कधी आले, हे बहुतेक घरांत मामींना जास्त आठवतं.

आता शोधायचं कसं. घरातले तीन कागद काढा: डिस्चार्ज बुक, स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरून काढलेला पीपीओ आणि रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप सापडली तर ती. पीपीओत ‘वॉर इंजुरी एलिमेंट’ लिहिलंय का ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’, की दोन्ही नाही, ते आधी वाचा. डिस्चार्ज स्लिपवर ‘स्प्लिंटर इंजुरी’ किंवा ‘जीएसडब्ल्यू’ (गोळीची जखम) असं निदान असतं आणि पुष्कळदा कोपऱ्यात हातानं ‘बीसी’, म्हणजे बॅटल कॅज्युअल्टी, लिहिलेलं असतं. ते दोन अक्षरी शेरे सोन्याचे असतात. लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ कागद पिशवीत ठेवा.

मग माहिती अधिकारात अर्ज. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. चार गोष्टींच्या साक्षांकित प्रती मागा: जखमेबद्दलची पार्ट टू ऑर्डर, इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही. नंबर, रँक, पलटन, घटनेची तारीख आणि ठिकाण स्पष्ट लिहा. अर्जावर सही मामांचीच हवी. भाच्यानं स्वतःच्या नावे अर्ज केला की ‘त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती’ म्हणून परत येतो, आणि लोक समजतात रेकॉर्डवाले लपवतायत.

मामा मराठ्यातले म्हणून बेळगाव. महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशातल्या सागरला लिहावं लागतं, तोफखान्याला नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सना खडकीला. ज्याचं रेकॉर्ड जिथे, तिथेच. मुंबईला आणि दिल्लीला पत्रं पाठवून वर्ष घालवलेले लोक आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

पार्ट टू ऑर्डर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून निघाली, तर पुढचं काम सोपं आहे. पराक्रम पदकासाठी मामांच्या सहीचा अर्ज, ऑर्डरची प्रत, रुग्णालयाचा कागद, असं सगळं सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला पाठवा. थेट पाठवलं तरी चालतं, पण कार्यालयामार्फत गेलं की जावक क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करताना तो लागतो. पेन्शन चुकीच्या वर्गात लागली असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा, पदकाच्या अर्जात मिसळू नका. दोन टेबलांचं काम एका कागदावर गेलं की तो कागद दोन्ही टेबलांवर पडून राहतो. पदक १५ ऑगस्टपर्यंत येईल, ही आशा मात्र सोडा.

ऑर्डर निघालीच नसेल, किंवा नुसती ‘इंजुरी’ म्हणून निघाली असेल, तर काम लांबतं. असं का होतं? कंपनी ऑपरेशनवर असते, जखमी हेलिकॉप्टरनं खाली गेलेला असतो, पलटन दोन महिन्यांत दुसऱ्या जागी हलते, आणि मागे राहिलेला क्लार्क तारीख किंवा जागा चुकवतो. मुद्दाम कुणी करत नाही, पण भोगतो जवान. अशा वेळी पलटनीची त्या दिवसाची वॉर डायरी, त्याच सेक्शनमधल्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं, तेव्हाच्या कंपनी कमांडरचं पत्र, असं गोळा करून वर्ग बदलण्याची मागणी रेकॉर्डकडे करायची. मामांचे सोबती आता पन्नाशीच्या आसपास असतील, व्हॉट्सअॅपच्या पलटनीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तर दोघे-तिघे नक्की सापडतील. रुग्णालयाचे कागद कायम जपले जात नाहीत, त्यामुळे यात उशीर नको.

नकार आला तर लेखी आणि कारणासहित मागा. तोंडी ‘होत नाही’ हे उत्तर नव्हे. पेन्शनच्या बाबतीत आधी अपील करता येतं, नंतर लष्करी न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशीर झाला म्हणून घाबरू नका. पेन्शनची चूक दर महिन्याला नव्यानं घडते असं न्यायालय मानतं, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी सहसा अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच देतात. म्हणजे हक्क बुडत नाही, पण जुनी रक्कम दर महिन्याला बुडते. वकील करायचा तर फी ठरवून करा. थकबाकीचा हिस्सा मागणारे एजंट पेन्शनरांच्या गर्दीत फिरतात. माढ्याकडच्या एका जवानाची निम्मी थकबाकी अशाच एकानं नेली, आणि काम केलं होतं फक्त अर्ज टाइप करण्याचं.

राज्य सरकारची मदत वेगळी असते, तिचा केंद्राच्या पेन्शनशी संबंध नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रानं शहिदाच्या कुटुंबाची रक्कम एक कोटी केली आणि कारवाईत अपंगत्व आलेल्या जवानाला टक्केवारीनुसार २० लाख ते ६० लाख. मामांची घटना २००२ ची, तेव्हाचे दर फार कमी होते आणि जुन्या घटनेला नवे दर लागत नाहीत. तरी त्या काळची रक्कम तरी मिळाली होती का, ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घरपट्टी माफीसाठी तर जखमही लागत नाही, माजी सैनिक असणं पुरतं. ग्रामसेवकाला माहीत नसेल तर बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेचा शासन निर्णय दाखवा.

पाय अजून त्रास देत असेल, तर कागदांच्या नादात ते विसरू नका. आत राहिलेले स्प्लिंटर वीस वर्षांनीही हलतात, पू होतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला रेफर करून घ्या, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची. पुण्यात जखमी जवानांसाठी जे उभं आहे ते अनेकांना माहीतच नसतं. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग जवानांना हातातलं काम शिकवतं, आणि तिथेच पाठीच्या कण्याला मार लागलेल्यांचं पॅराप्लेजिक केंद्र आहे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं तुम्हीच मोजा आणि मग मामांच्या रखडलेल्या अर्जाचं नवल करा.

राहिला तो धाकट्या बहिणीचा मुलगा, अग्निवीर. त्याच्यासाठी वरचं पेन्शनचं गणित लागू नाही. अग्निवीराला चार वर्षांत नोकरीमुळे अपंगत्व आलं तर मासिक अपंगत्व पेन्शन नसते, एकरकमी भरपाई असते: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, आणि सेवानिधी (सेवा संपताना मिळणारी जमा रक्कम) वेगळा. त्यामुळे त्याच्या बाबतीत टक्केवारी ठरवणारा मेडिकल बोर्ड हाच सगळा खेळ. त्याला एवढं सांगून ठेवा: साधी दुखापत झाली तरी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटनीच्या दवाखान्यात, नोंद करायची, लाज वाटून लपवायची नाही. रुग्णालयाच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरी पाठवायचा, आणि जखमेची पार्ट टू ऑर्डर निघाली की तिचा नंबर लिहून घ्यायचा. मामांचे कागद घेऊन याल तेव्हा डिस्चार्ज बुकाची सगळी पानं आणा, नुसतं पहिलं नको. सैनिक कल्याण कार्यालय शनिवारी बंद असतं, आणि सोमवारी पेन्शनरांची गर्दी असते.